तीन म्हातारे, एक ड्रायव्हर आणि गोवा : ‘शौकीन’ची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे ज्यांचा एपिसोड मधेच अडकतो, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ बरेचसे काढलेत. थोडे राहिले असतील, सांभाळून घ्या.

आज एका जुन्या विनोदी सिनेमाची गोष्ट. बासू चॅटर्जींचा ‘शौकीन’, साल १९८२. तीन वयस्क पुरुष मुंबईबाहेर सुट्टीवर जातात, तिथे एका तरुण मुलीच्या मागे लागतात आणि स्वतःची फजिती करून घेतात. गोष्ट एवढीच. तुमच्यापैकी अनेकांनी यूट्यूबवर त्याचे तुकडे पाहिले असतील, घरातल्या मोठ्यांनी हसत हसत सांगितलंही असेल. मला मात्र या सिनेमातल्या फजितीपेक्षा एक साधा प्रश्न जास्त छळतो. हे तिघे गोव्यालाच का गेले? आणि त्याआधीचा प्रश्न : मुळात घराबाहेर का गेले?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला थेट १८९९ पर्यंत मागे जावं लागतं. पण आधी सिनेमा.

‘शौकीन’ची मूळ कथा बंगाली लेखक समरेश बसूंची. दिग्दर्शक बासू चॅटर्जी, म्हणजे ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ करणारे बासुदा. अजमेरमध्ये जन्मलेला हा माणूस सिनेमात येण्याआधी मुंबईत करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात कित्येक वर्षं व्यंगचित्रं काढायचा. ते ‘शौकीन’मध्ये दिसतं. तीन म्हातारे म्हणजे तीन रेषांत काढलेली तीन चित्रंच. अशोक कुमार, उत्पल दत्त आणि ए. के. हंगल. चेहऱ्यावर सभ्यपणा, डोळ्यांत भलतंच काहीतरी.

या तिघांची निवडच मोठी गंमत आहे. अशोक कुमार म्हणजे १९३६ च्या ‘अछूत कन्या’चा नायक. ज्या माणसाने हिंदी सिनेमाला पडद्यावर प्रेम करायला शिकवलं, तो पंचेचाळीसेक वर्षांनी पडद्यावर पोरीबाळींकडे चोरून बघतोय. उत्पल दत्त म्हणजे बंगाली रंगभूमीवरचे कट्टर डावे, १९६५ साली तुरुंगात गेलेले. हंगल स्वातंत्र्यलढ्यातले आणि इप्टाच्या नाटकांतले कार्यकर्ते. आयुष्यभर गंभीर कामं केलेल्या माणसांना बासुदांनी इथे चळायला लावलं. आणि एक बारीक गोष्ट : उत्पल दत्तांचा जन्म १९२९ चा. म्हणजे ‘म्हातारा’ झाले तेव्हा ते जेमतेम त्रेपन्न वर्षांचे होते. आज त्रेपन्नाव्या वर्षी लोक मॅरेथॉन पळतात. १९८२ मध्ये त्या वयाच्या माणसाने ‘आता हरी हरी करावं’ अशी अपेक्षा होती, आणि सिनेमाचा अर्धा विनोद त्या अपेक्षेवरच उभा आहे.

गोष्टीत चौथा माणूस आहे रवी, म्हणजे मिथुन चक्रवर्ती. त्याच वर्षाच्या शेवटी ‘डिस्को डान्सर’ आला आणि मिथुन कुठल्या कुठे गेला. पण इथे तो साधा, खिसा रिकामा असलेला पोरगा आहे. त्याची प्रेयसी अनिता गोव्यात राहते आणि तिच्याकडे जायला त्याच्याजवळ पैसे नाहीत. मग तो या तिघांचा ड्रायव्हर होतो आणि त्यांना गोव्याला नेतो. म्हाताऱ्यांना वाटतं सहल आपली आहे. खरं तर ती रवीची आहे, पेट्रोलचे पैसे फक्त त्यांचे. तिघेही आपापल्या परीने अनितावर डाव टाकतात आणि कुणाचाच लागत नाही. अनिताचं काम रती अग्निहोत्रीने केलंय, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांची.

आता तो प्रश्न. घर सोडून का जावं लागलं?

मराठी माणसाला म्हातारा आणि तरुण मुलगी ही जोडी नवीन नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ, पैशांसाठी स्वतःची मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, मधे दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित. लोक पोट धरून हसले, आणि हसता हसता गप्पही झाले. कारण भुजंगनाथाला शारदेसाठी कुठे सहलीला जावं लागत नव्हतं. मांडव घालून, अक्षता टाकून, चारचौघांच्या देखत ती त्याच्या घरी येणार होती. कोदंड नावाचा तरुण आडवा येतो म्हणून ते टळतं. देवलांनी ज्या गोष्टीची टर उडवली ती त्या काळात पूर्ण प्रतिष्ठित होती. चोरून करायची गरजच नव्हती.

पुढे १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. त्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, त्यामुळे अनेकांना वाटतं की तो देवलांच्या नाटकावरून आला. नावातला हा निव्वळ योगायोग. कायदा मांडणारे हरबिलास सारडा, म्हणून सारडा कायदा. तेही अजमेरचेच, बासुदांच्या जन्मगावचे. या कायद्याने मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झालं. पण एक लक्षात घ्या, नवरा-बायकोत चाळीस वर्षांचं अंतर असू नये असं कोणताच कायदा म्हणाला नाही. ते थांबवलं बायकांनी आणि हळूहळू बदललेल्या लाजेने.

बायकांनी कसं? १९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’ बघा. व्ही. शांताराम यांचा सिनेमा, ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर. नीरा नावाच्या मुलीचं फसवून एका विधुर, वयस्क वकिलाशी लग्न लावलं जातं. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही. ‘हे लग्न मला मान्य नाही’ असं ती वागण्यातून सांगते, रोज, त्याच घरात राहून. केशवराव दात्यांनी केलेला तो म्हातारा नवरा दुष्ट नाही, हीच त्या सिनेमाची ताकद. तो हळूहळू समजतो, खचतो आणि शेवटी जीव देतो. ‘कुंकू’नंतर अशा लग्नाकडे पाहणाऱ्याला नीरेचे डोळे विसरणं अवघड होतं.

आता ही रांग लावा. १८९९ मध्ये म्हाताऱ्याची हौस लग्नाच्या मांडवात आहे. १९३७ मध्ये ती घरात आहे, पण समोर नकार उभा आहे. १९८२ मध्ये घराचा दरवाजा तिला बंद झालाय. शेजारी काय म्हणतील, मुलं काय म्हणतील, ऑफिसात कळलं तर काय. तिघेही मुंबईत इज्जतदार आहेत. हौस मेलेली नाही, तिला जागा उरलेली नाही. मग जागा शोधायची ती अशी, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर ब्राउझरचा इनकॉग्निटो मोड. हिस्ट्री राहणार नाही अशी समजूत.

सुट्टीतली भानगड हा सिनेमाचा आवडता विषय जगभर आहे, आणि त्याच्या मुळाशी ही एकच समजूत असते : इथे केलेलं मोजलं जात नाही.

हे बासुदांना नीट माहीत होतं, कारण चारच वर्षं आधी, १९७८ मध्ये, त्यांनी याच अशोक कुमारला घेऊन अगदी उलटा सिनेमा केला होता. ‘खट्टा मीठा’. पारशी विधुर होमी मिस्त्री आणि पर्ल पदमसीने केलेली विधवा नर्गिस सेठना. दोघं उतारवयात, दोघांनाही मोठी मुलं, आणि दोघं लग्न करतात. भानगड आहे, भांडणं आहेत, मुलं नाराज आहेत. पण सगळं मुंबईतल्या एका घरात, सगळ्यांच्या समोर. तिथे अशोक कुमारची हौस हास्यास्पद नाही, कारण समोरच्या बाईलाही आयुष्य आहे आणि तिने होकार दिलाय. म्हणजे बासुदा म्हातारपणातल्या प्रेमाला हसत नव्हते. ‘शौकीन’मध्ये ते हसतात ते परगावी जाऊन, खोटं बोलून, समोरचीला न विचारता केलेल्या बेतांना. हे दोन सिनेमे पाठोपाठ बघा, सहज जमेल. एक रविवार पुरतो.

आता दुसरा प्रश्न. गोवाच का?

तुमच्यामाझ्यासाठी गोवा म्हणजे ग्रुप बनवून कधीच न होणारी ट्रिप. पण ‘गोवा म्हणजे मजा’ हे समीकरण काही परशुरामाच्या काळातलं नाही. ते बनवलं गेलंय, आणि अगदी थोड्या वर्षांत. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये आणि ते गेले १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे ‘शौकीन’ आला तेव्हा मुक्तीला फक्त एकवीस वर्षं झाली होती. गोव्यावरचा सुरुवातीचा गाजलेला हिंदी सिनेमा ख्वाजा अहमद अब्बासांचा ‘सात हिंदुस्तानी’, १९६९ चा. त्यात गोवा म्हणजे सत्याग्रह, तुरुंग, बलिदान. अमिताभ बच्चनचा तो पहिला सिनेमा. तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, तोच अमिताभ ‘बॉम्बे टू गोवा’मध्ये बसमध्ये बसतो आणि गोवा म्हणजे नुसतं बसच्या पाटीवरचं शेवटचं नाव होतं. सगळी धमाल रस्त्यात. १९७३ मध्ये ‘बॉबी’ आला आणि ब्रगांझा नावाचा दारू पिणारा, दिलदार गोवेकर बाप घरोघरी पोचला. १९८१ मध्ये ‘एक दूजे के लिए’, पुन्हा गोव्याची पार्श्वभूमी, आणि नायिका हीच रती अग्निहोत्री. तिथे दोन तरुण जीव प्रेमासाठी मरतात. पुढच्याच वर्षी तीच मुलगी, तोच गोवा, आणि समोर तीन म्हातारे. तेरा वर्षांत हुतात्म्यांची भूमी सुट्टीचा पत्ता झाली.

हे फक्त सिनेमाने केलं असं नाही. सत्तरच्या दशकात कळंगुट आणि हणजूणच्या किनाऱ्यांवर हिप्पी आले. १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्याजवळ ताजचं मोठं हॉटेल सुरू झालं. मुंबईकराला जायला मात्र वेळ लागायचा. भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट, किंवा मिरजेला गाडी बदलून मीटरगेजने वास्को, किंवा घाटातून रस्त्याने. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. म्हणून तर सिनेमातल्या म्हाताऱ्यांना गाडी आणि ड्रायव्हर लागतो! गोवा बऱ्यापैकी लांब होता, आणि लांब असणं हाच त्याचा गुण होता. ‘शौकीन’नंतर वर्षभराने, नोव्हेंबर १९८३ मध्ये, राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीतल्या परिषदेतून विश्रांतीसाठी गोव्यात आले. सरकारनेच जगाला सांगितलं की आमची सुट्टीची जागा ही आहे.

आपण मराठी लोकांनी इथे जरा स्वतःकडेही बघायला हवं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. गोव्याने वेगळं राहायचं ठरवलं, ३४,०२१ मतांच्या फरकाने. ३० मे १९८७ ला ते स्वतंत्र राज्य झालं. आपल्याकडे अजूनही ‘गोवा म्हणजे आपलंच’ असं सहज म्हटलं जातं. प्रेमाने म्हटलं जातं, मान्य. पण कौल दिलेल्या माणसाला न विचारता त्याच्यावर हक्क सांगणं ही त्या तिघा म्हाताऱ्यांचीच खोड नाही का? थोडी चेष्टा, थोडं खरं.

आणि जिथे हे सगळे सुट्टीला जात होते तिथली माणसं काय करत होती? ती स्वतःची गाणी आणि स्वतःचे सिनेमे करत होती. पहिला कोंकणी सिनेमा ‘मोगाचो आंवडो’ १९५० चा. मोग म्हणजे प्रेम. फ्रँक फर्नांड या गोवेकर संगीतकाराने ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी सिनेमे केले, आणि ‘निर्मोण’वरून १९६७ मध्ये हिंदीत ‘तकदीर’ निघाला. मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात तर गोवेकर नसते तर व्हायोलिनचे ताफे उभेच राहिले नसते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना सेबास्टियन डिसोझांची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मधलं ते नाव गुरूला दिलेली दक्षिणा होती. म्हणजे बघा, पडद्यावर गोवेकर दारू पिऊन झुलतोय, आणि पडद्यामागे गोवेकर चष्मा लावून नोटेशन लिहितोय. पडद्यामागचा आपल्याला दिसलाच नाही.

इथे मला ‘शौकीन’ची खरी खुबी दिसते. हा सिनेमा, कदाचित स्वतःच्याही नकळत, सुट्टीवर आलेल्या माणसाचं आंधळेपण दाखवतो. तिघांना वाटतं अनिता ‘उपलब्ध’ आहे. का? कारण ती गोव्यात राहते, मोकळेपणाने बोलते, हसते. तिचं आधीपासून काही चालू असेल, तिचे बेत असतील, तिचा कोणी असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. आणि तो कोणी तर रोज त्यांच्या गाडीचं दार उघडतोय! ड्रायव्हरकडे कोण बघतं? सुट्टीवर आलेला माणूस ड्रायव्हरला माणूस धरत नाही, आणि त्याच चुकीवर सगळी पटकथा चालते. विनोदी सिनेमात याहून नेमकी गोष्ट सापडणं कठीण.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, कारण नुसतं कौतुक करणं प्रामाणिक होणार नाही. आजच्या नजरेने ‘शौकीन’ बघताना काही ठिकाणी हसू अडकतं. बायकांकडे टक लावून बघणं इथे ‘निरुपद्रवी चाळा’ म्हणून येतं. म्हातारे आहेत, बिचारे आहेत, काय करणार आहेत, असा सूर आहे. हा सूर आपल्या घरातही ओळखीचा आहे. ‘काका तसे चांगले आहेत, फक्त जरा…’ आणि त्या ‘जरा’मध्ये घरातल्या मुलींनी काय काय गिळलं हे कोणी विचारत नाही. सिनेमाही विचारत नाही. कॅमेरा तिघांबरोबर फिरतो. अनिता एकटी असताना काय विचार करते, तिला भीती वाटली का, किळस आली का, की नुसता कंटाळा, हे आपल्याला कळतच नाही. नीरेच्या डोळ्यांतून जग दाखवणाऱ्या ‘कुंकू’पेक्षा पंचेचाळीस वर्षांनी आलेला हा सिनेमा या बाबतीत मागे आहे. तरी हसणं कोणावर, हे त्याने बरोबर ठेवलंय. फजिती म्हाताऱ्यांची होते, मुलीची नाही. त्या काळातल्या किती विनोदी सिनेमांबद्दल हे म्हणता येईल?

मग २०१४ मध्ये याचा नवा अवतार आला, ‘द शौकीन्स’. अनुपम खेर, अन्नू कपूर, पीयूष मिश्रा आणि लिसा हेडन. दोन बदल बघा. एक, म्हातारे गोव्याला जात नाहीत, मॉरिशसला जातात. साहजिक आहे. २०१४ मध्ये गोव्यात कोण लपणार? शेजारच्या बिल्डिंगमधले चार जण तिथे भेटायचे. दुसरा बदल मला जास्त बोलका वाटतो. ड्रायव्हर गेला. मुलगी अक्षय कुमारची वेडी चाहती आहे, आणि अक्षय कुमार स्वतः अक्षय कुमार म्हणूनच सिनेमात आहे. जिथे एक गरीब पोरगा गाडी चालवता चालवता सगळ्यांना गुंडाळत होता, तिथे सुपरस्टार आला. सुट्टीच्या जागेवर राबणारा माणूस गोष्टीतूनच बाहेर पडला. मूळ सिनेमातली धार ज्या पात्रात होती तेच पात्र काढून टाकलं.

गोव्यात मात्र तो राबणारा माणूस गप्प बसला नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी चार्टर विमानांनी पर्यटक यायला लागले, तेव्हा ‘जागृत गोंयकारांची फौज’ नावाने तिथले लोक उभे राहिले. पाणी कोणाला, किनारा कोणाचा, हॉटेलाला जमीन आणि गावाला काय, हे प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारले. ‘शौकीन’च्या भाषेत सांगायचं तर अनिता आणि रवी शेवटी स्वतःच बोलायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, शहापूर तालुक्यातल्या सापगावात बसून हा माणूस गोव्याची उठाठेव का करतोय. कारण सांगतो.

आमच्या तालुक्यात कसाऱ्याजवळ विहीगाव आहे. तिथे एक सुंदर धबधबा आहे. वर्षानुवर्षं तो विहीगावचा धबधबा होता. २००१ मध्ये शाहरुख खान आणि करीना कपूरचा ‘अशोका’ आला, त्यातल्या गाण्याचं चित्रीकरण तिथे झालं, आणि धबधब्याचं नाव पडलं ‘अशोका’. आज गुगल मॅपवर तुम्ही तेच शोधता. आणि त्या सिनेमाची गोष्ट काय? घरापासून दूर आलेला एक राजपुत्र, पवन असं खोटं नाव घेऊन फिरणारा, अनोळखी प्रदेशात कौरवकीच्या प्रेमात पडतो. म्हणजे पुन्हा तेच. ओळख घरी ठेवून आलेला पाहुणा. आणि ज्या गावाचं पाणी होतं त्या गावाचं नाव मागे पडलं.

पडद्यावरची ही सवय आता रस्त्यावर उतरलीय. ‘जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही’ अशी जागा मुंबईकरांसाठी सरकत सरकत जवळ आली. पूर्वी गोवा, आता शहापूर आणि मुरबाड. नदीकाठी, डोंगराच्या पायथ्याला फार्महाउसं आणि रिसॉर्टं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि अंतर आणखी कमी झालं. शनिवारी संध्याकाळी शहापूरहून किन्हवलीकडे निघालात तर भातसेच्या पुलावर मुंबईच्या गाड्या दिसतील. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाला मनाईहुकूम काढावे लागतात, कारण ‘सुट्टीत काय होतंय’ असं म्हणत लोक दरवर्षी जीव गमावतात.

या फार्महाउसांवर केअरटेकर कोण? गाडी घेऊन आसनगाव स्टेशनवर पाहुण्यांना आणायला कोण जातं? स्वयंपाकाला कोण येतं? माझ्याबरोबर शाळेत असलेली मुलं, त्यांच्या बहिणी, त्यांच्या आया. काहींना यातून बरा पैसा मिळतो, हेही खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मी स्वतः लॅपटॉपवर पोट भरतो. मी त्यांना ‘पर्यटन नको’ असं सांगणं म्हणजे भरल्या पोटी उपासाचं प्रवचन. पण पाहुणा त्यांच्याकडे कसा बघतो हा प्रश्न उरतोच. रात्री दोन वाजता ‘अजून बर्फ आण’ म्हणणारा माणूस समोरच्या पोराकडे बघतो का? पोहे घेऊन आलेल्या मुलीला ‘नाव काय तुझं’ विचारताना त्याचा स्वर तोच असतो का, जो त्याच्या सोसायटीतल्या मुलीशी बोलताना असतो?

आणि पाण्याचं तर काय सांगू. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं भातसेचं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय. आणि त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकर लागतात. पाणी तिकडे जातं, सुट्टी इकडे येते. स्विमिंग पूल भरलेला असतो आणि शेजारच्या पाड्यावर बाया हंडे घेऊन रांगेत असतात. गोव्याने चाळीस वर्षांपूर्वी विचारलेले प्रश्न आमच्या दारात आलेत, आणि आमच्याकडे अजून ते विचारणारी फौज नाही.

म्हणून मला ‘शौकीन’ पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. एका हलक्याफुलक्या सिनेमात बासुदांनी एक गोष्ट पक्की करून ठेवलीय : सुट्टीवर आलेला माणूस ज्या जागेला ‘कोणी ओळखत नाही अशी जागा’ समजतो, तिथे सगळे एकमेकांना ओळखत असतात. अनोळखी असतो तो फक्त तोच. ड्रायव्हरला माहीत असतं, केअरटेकरला माहीत असतं, पूल ओलांडताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या म्हातारीलाही माहीत असतं. तुमची हिस्ट्री तिथे राहते. गावाला इनकॉग्निटो मोड नसतो.

तर मंडळी, सिनेमा बघा. ‘खट्टा मीठा’ आणि ‘कुंकू’ही बघा, म्हणजे हसण्याला जरा वजन येईल. ‘शौकीन’ बघताना एक करा. तिघे म्हातारे पडद्यावर असतील तेव्हा त्यांच्याकडे न बघता मागे उभ्या रवीकडे बघा. आणि पुढच्या शनिवारी आमच्या बाजूला आलात, तर धबधब्याला एकदा तरी विहीगावचा धबधबा म्हणा. भेटू पुढच्या भागात.